'क'चा डोळा

यंत्र नवी पेठेत आहे, कापून तेच देतं.
माझ्याकडे येते हिरव्या व्हिनाइलची गुंडाळी
आणि मी सुईनं नको ते उपसत बसते.
नको ते कसलं, हवं तेच:
स्टेन्सिलमध्ये अक्षर काढून टाकायचं असतं
आणि उरलेलं चिकटवायचं.

शिरोरेघ धरून ओढलं की अख्खा शब्द उठतो,
ओल्या सुताच्या लडीसारखा लोंबत.
मागं राहतात त्यातली बेटं,
'फ'चं पोट, 'क'चा डोळा.
ती चिमट्यानं परत जागेवर बसवायची, श्वास धरून.
पंखा बंद. बाहेर चव्वेचाळीस असलं तरी बंद.

आमचे नाना जेकार्डचे पुठ्ठे पाडायचे
अशोक चौकाच्या मागच्या कारखान्यात.
भोक असेल तिथं धागा वर,
नसेल तिथं खाली.
एवढंच काम, एकतीस वर्षं.
त्या भोकांतनं मोर निघाले, कमळं निघाली,
एकदा कुणा पुढाऱ्याचं नावसुद्धा.

मग एकदा एक भोक राहून गेलं.
चौदा चादरींवर मोर आंधळा उतरला
तेव्हा कुठं कुणाच्या लक्षात आलं.
मालकानं पगारातनं पैसे कापले, गठ्ठा घरी पाठवला.
आम्ही पाच भावंडं त्याच मोरांखाली वाढलो.
रात्री पांघरूण सारखं करताना नाना
अंगठ्यानं चाचपायचे, डोळा असायला हवा तिथं,
आणि तेलुगूत काहीतरी पुटपुटायचे.
आम्ही झोपेचं सोंग घेऊन ऐकायचो. कळायचं सगळं.

होटगी रोडच्या सोसायटीची ऑर्डर होती:
बागेसाठी पत्र्याच्या पाट्या, तीस नग,
वरच्या ओळीत 'फुले तोडू', खालच्या ओळीत 'नका'.
आधी तळाचाच पांढरा रंग कडांवर फिरवायचा,
म्हणजे फटी बुजतात, हिरवा आत पळत नाही.
मग स्पंज. ओढायचा नाही, थापायचा,
कमी रंगात, पुन्हा पुन्हा,
तापलेल्या बाळाच्या कपाळावर पट्टी ठेवावी तसा.
अर्धवट ओलं असतानाच सोलायचं.
वाळू दिलं तर अक्षराची साल निघते.

एकोणतीस झाल्या. तिसावीला वरची ओळ चिकटवली
आणि सासूबाईंनी हाक मारली,
"काय करलालीस गं आत? रवा संपला की ओ!"
मी तशीच उठले.
साखर पेठेतनं रवा, गूळ, काडेपेटी घेऊन आले.
वाटेत दुकानदार हसला, भाजीवाली हसली,
बोल्लींचा म्हातारा तर ओट्यावर उठून बसला.
घरी आल्यावर नणंदेनं पाठीवरनं सोलून दाखवलं:
हिरवंगार 'नका',
शिरोरेघेसकट, एकसंध.
भर दुपारी अख्ख्या पेठेला मी नको म्हणत फिरले होते.

त्या हसण्यात तिसावी पाटी तशीच थापली गेली.
सोलली, वाळली, टेम्पोत चढली.

करजगीकर सेक्रेटरी हसले नाहीत.
"'फुले तोडू', हे काय आमंत्रण आहे का?" म्हणाले,
आणि नव्वद रुपये कापले.
त्यांचा माळी मलकप्पा
पाइप हातात धरून तोंड फिरवून उभा होता.
खांदे हलत होते त्याचे, पाणी भलतीकडे.

पाटी परत आली. मी ती पुसली नाही.
तेलाच्या डब्यात अबोली आहे माझी,
तिच्या मुळाशी खोचून दिली.

काल शेजारची अंबिका, दुसरीतली,
एकेक अक्षर बोटानं लावत थांबली.
"फु-ले... तो-डू?"
आणि माझ्याकडे पाहिलं.
माझ्या दातांत सुई, बोटाच्या टोकावर
चिकटलेला 'क'चा डोळा.
बोलता येईना. मी मान हलवली.
कशी हलली, ते तिनं ठरवलं.

आज सकाळी अबोली दोन वळेसर हलकी
आणि करजगीकरांचा फोन:
"'गवतावर चालू नका', पंचवीस नग.
'नका' तेवढे मोजून द्या."